घराचा पत्ता

माझ्या मेलबॉक्समध्ये दर महिन्याला दोन-चार पत्रं अशी येतात, ज्यांच्यावर पत्ता माझा असतो आणि नाव दुसऱ्याच कुणाचं. सुरुवातीला टपाल आणणाऱ्या बाई एकदा दारापर्यंत आल्या होत्या. एवढी सगळी माणसं तुमच्याकडे राहतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहत कुणीच नाही, त्यांची पत्रं तेवढी इथे येतात. त्यांनी मान हलवली आणि तेव्हापासून ती पत्रं त्या वेगळी रबरबँड लावून ठेवतात.

बहुतेक पत्रं हाउसिंग ऑथॉरिटीकडून, म्हणजे स्वस्त घरांची मदत देणाऱ्या स्थानिक सरकारी कचेरीकडून आलेली असतात, नाहीतर कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधलेल्या एखाद्या इमारतीच्या ऑफिसातून. आत एकच कागद. तुम्हाला अजून वेटिंग लिस्टवर राहायचं आहे का, अमुक तारखेच्या आत कळवा. न कळवल्यास नाव काढून टाकण्यात येईल. पाकीट हातात पडलं की मी फोन करते. फोन बंद असला तर मेसेज ठेवते. त्यालाही उत्तर आलं नाही तर मंगळवारी, लायब्ररीत लोकांना घराचे अर्ज भरायला मदत करते तिकडे जाताना, पाकीट पर्समध्ये टाकते, माणूस भेटेल या आशेवर.

मराठीत राहण्याचं ठिकाण म्हणजे पत्ता, आणि माणसाचा माग म्हणजेही पत्ताच. ‘त्याचा काही पत्ता लागला का?’ असं आपण विचारतो तेव्हा घराचा नंबर विचारत नसतो. हे दोन अर्थ एकाच शब्दात का राहतात, ते मला अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका मध्यम शहरात, २००९ च्या हिवाळ्यात कळलं.

त्या जानेवारीत मी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन घराबाहेर पडले. का, ते इथे लिहीत नाही. ग्रीन कार्ड होतं, एका दवाखान्याच्या बिलिंगमध्ये ताशी ११ डॉलरची नोकरी होती आणि एका मैत्रिणीचं बेसमेंट होतं. मैत्रीण म्हणाली, हवं तितके दिवस राहा. तिने ते मनापासून म्हटलं होतं, पण ‘हवं तितके दिवस’ याचं दोन्हीकडून ओझं होतं. मुलगी रात्री खोकली तरी मला वर आवाज जाईल याची धास्ती वाटायची.

२११ हा नंबर मला ऑफिसातल्या एकीने दिला. आग लागली की ९११, तसा मदत कुठे मिळेल हे विचारायचा २११. तो सन २००० मध्ये देशभर या कामासाठी राखून ठेवला गेला. पलीकडच्या बाईंनी पिनकोड विचारला, माणसं किती, मिळकत किती ते विचारलं आणि पाच-सहा ठिकाणांची नावं सांगितली. मी वहीत लिहून घेतली आणि एकेक फोन करत सुटले. सेक्शन ८ ची, म्हणजे खाजगी घराच्या भाड्याचा काही भाग सरकार भरतं त्या योजनेची, यादी बंद. सरकारी इमारतींची यादी उघडी, पण दोन बेडरूमसाठी रांग मोठी. तिसऱ्या ठिकाणी उत्तर देणारं मशीन. एका ठिकाणी सांगितलं की फेब्रुवारीत यादी थोडे दिवस उघडणार आहे, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं, उघडल्या दिवशीच अर्ज केला आणि पत्त्याच्या रकान्यात मैत्रिणीचा पत्ता लिहिला.

उन्हाळ्यात मैत्रिणीने घर बदललं. आम्हीही बदललं, एका ओळखीच्या कुटुंबाकडे एक खोली मिळाली. पोस्टात जाऊन तिने टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा फॉर्म भरला होता, त्यामुळे मी निर्धास्त होते. तो फॉर्म नावानिशी असतो, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही. तिच्या आडनावाची पत्रं वळली. माझ्या नावाचं पत्र आलं आणि परत गेलं. पुढच्या वर्षी मी यादीत आपण कुठवर आलो हे विचारायला फोन केला, तेव्हा कळलं की आपण त्या यादीत नाहीच. ‘पत्र पाठवलं होतं,’ समोरचा माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात रागही नव्हता आणि सहानुभूतीही नव्हती. यादी आता बंद होती.

त्या संध्याकाळी मी गाडीत बराच वेळ बसून राहिले. मला घर हवं होतं कारण माझा पत्ता टिकत नव्हता. आणि पत्ता टिकत नव्हता म्हणून घर मिळणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव गेलं होतं.

पुढे बरीच वर्षं या कामात लोकांबरोबर बसल्यावर मला हे सगळं कसं चालतं ते उमगलं. ते तेव्हाच कुणी शांतपणे सांगितलं असतं तर माझी दीड-दोन वर्षं वाचली असती. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे देशाची अशी एक यादी नाही. राज्याचीही नाही. स्वस्त घर म्हणून माणूस एकच वस्तू शोधत असतो, पण ती तीन-चार वेगवेगळ्या दारांमागे असते आणि प्रत्येक दाराची रांग निराळी. सगळ्यांत जुनं दार १९३७ च्या कायद्याने उघडलं, रूझवेल्ट अध्यक्ष असताना. त्यातून सरकारी मालकीच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या चालवणाऱ्या स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटी आज देशात तीन हजारांच्या वर आहेत. दुसरं दार १९७४ चं, सेक्शन ८. यात घर खाजगी मालकाचं असतं आणि भाड्याचा काही भाग सरकार भरतं. त्यातही दोन प्रकार: व्हाउचर, म्हणजे भाड्याच्या मदतीचं हमीपत्र, तुमच्याबरोबर फिरतं, आणि काही इमारतींमध्ये मदत घरालाच चिकटलेली असते, तुम्ही सोडून गेलात की ती मागेच राहते. या दुसऱ्या प्रकारात अर्ज थेट त्या इमारतीच्या ऑफिसात करायचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ते हाउसिंग ऑथॉरिटीची एक यादी बंद आहे असं ऐकून घरी जातात.

तिसरं दार १९८६ च्या करसुधारणेतून आलं. बिल्डरला करात सवलत मिळते, बदल्यात त्याने ठरावीक घरं त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या साधारण साठ टक्के किंवा त्याहून कमी मिळकतीच्या लोकांना नेमून दिलेल्या भाड्यात द्यायची. आज कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी नवी घरं मुख्यतः या वाटेने बांधली जातात. बाहेरून पाहिलं तर ती चारचौघांसारखीच अपार्टमेंट दिसतात. फलकावर ‘सरकारी’ असं काहीही लिहिलेलं नसतं. मला अखेर घर मिळालं ते असल्याच एका संकुलात. लायब्ररीच्या काउंटरवरच्या बाईंनी राज्याच्या यादीतली पानं छापून दिली आणि मी त्यातल्या सगळ्या ऑफिसांना जेवणाच्या सुट्टीत फोन केले. अकराव्या ठिकाणी एक घर रिकामं होत होतं. दोन बेडरूम, ५८५ डॉलर.

इथे एक मेख आहे. या तिसऱ्या प्रकारात भाडं घराचं ठरलेलं असतं, तुमच्या मिळकतीनुसार ते खाली येत नाही. म्हणजे माझ्यासारख्या नोकरी असलेल्या बाईला ते जमलं. जिला महिन्याला ८०० डॉलरच मिळतात तिला ते ५८५ सुद्धा आभाळाएवढे. तिच्यासाठी पहिली दोन दारं खरी, कारण तिथे भाडं साधारण मिळकतीच्या तीस टक्के असतं. हा आकडाही कायम नव्हता. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या प्रयत्नाने १९६९ मध्ये भाडेकरूच्या वाट्याला पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ मध्ये ती तीस झाली. वरच्या पाच टक्क्यांत एका माणसाची औषधं बसतात, असं मला प्रत्येक वेळी हिशेब मांडताना वाटतं.

आणि तरीही, ज्यांना ही मदत मिळायला हवी अशा कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच ती मिळते. हे मला बरीच वर्षं समजत नव्हतं. फूड स्टॅम्पसाठी, म्हणजे अन्नधान्याच्या सरकारी मदतीसाठी, पात्र असलात आणि कागदपत्रं दिलीत की ते मिळतात. घरभाड्याची मदत तशी नाही. काँग्रेस, म्हणजे इथली संसद, दरवर्षी ठरावीक रक्कम मंजूर करते. ती संपली की पात्र माणूसही रांगेत थांबतो. व्हाउचर साधारण तेवीस लाख कुटुंबांकडे आहे, आणि मागे उभ्या असलेल्यांचा नंबर कुणीतरी घर सोडलं, कुणाची मिळकत वाढली किंवा कुणी वारलं की मगच पुढे सरकतो. याच देशात स्वतःच्या घराच्या कर्जाच्या व्याजावर करात सूट मिळते. तिच्यासाठी कुणाला यादीत उभं राहावं लागत नाही. निकषात बसलात की मिळाली. घर असलेल्याला हक्क आणि घर नसलेल्याला लॉटरी, हे मला मान्य नाही. मी ते कितीही वेळा, कुणालाही सांगायला तयार आहे.

म्हणून मंगळवारी लायब्ररीतल्या टेबलापाशी कुणी बसलं की मी आधी यादी काढत नाही. आधी विचारते, पत्र कुठे येतं तुमचं?

या प्रश्नावर बरीच माणसं गप्प होतात. गाडीत झोपणारा माणूस काय सांगणार? त्यांना सांगायच्या दोन-तीन गोष्टी आता मला तोंडपाठ आहेत. पोस्ट ऑफिसात जनरल डिलिव्हरी म्हणून सोय असते. तुमच्या नावाचं पत्र तिथे ठेवून घेतात, ओळखपत्र दाखवून न्यायचं. मात्र ते थोडेच दिवस ठेवतात, म्हणून नेमाने खेपा घालाव्या लागतात. काही शेल्टर, काही चर्च स्वतःचा पत्ता वापरू देतात. यातलं काहीच जमलं नाही, तर माझा. नव्या ठिकाणी गेलात तर ज्या-ज्या यादीत नाव आहे त्या प्रत्येक ऑफिसला लेखी कळवा, पोस्टाच्या फॉर्मवर विसंबू नका. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. का चढतो, ते समोरच्याला कळायचं कारण नाही.

पत्त्याच्या बाबतीत एक कायदा मात्र मला फार आवडतो. १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो कायदा. घर सुटलेल्या मुलाला त्याच्याच जुन्या शाळेत राहता येतं, शाळेने जाण्यायेण्याची व्यवस्था करायची, आणि राहत्या जागेचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. नाइलाजाने नातेवाइकांच्या सोफ्यावर झोपणारं मूलही त्यात मोजलं जातं. तेच मूल, तोच सोफा, पण बेघरांसाठीच्या घरांच्या योजनेकडे गेलात तर तिथल्या व्याख्येत ते बहुतेक वेळा बसत नाही. शाळेच्या दृष्टीने बेघर आणि घर देणाऱ्यांच्या दृष्टीने नाही! माझी मुलगी त्या वर्षी शाळेच्या लेखी बेघर होती. मला ते ठाऊक नव्हतं. मी रोज सकाळी चाळीस मिनिटं उलट्या दिशेने गाडी चालवून तिला शाळेत सोडत होते आणि कुणाला कळू नये म्हणून जपत होते.

आमच्या राज्यात आणखी एक दार आहे, अगदी शेजारचं, आणि तेच कुणाला माहीत नसतं. इंडियानात टाउनशिप ट्रस्टी नावाचा निवडून आलेला माणूस असतो. १७८५ च्या कायद्याप्रमाणे इथली जमीन मोजताना सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन आखले गेले. त्यांवरून टाउनशिप हे नाव आलं. गरजूंना मदत करणं हे या ट्रस्टीचं काम फार जुनं आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचं. आजही तो भाडं, वीज, अंत्यसंस्कार यांसाठी मदत करू शकतो, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर सुट्ट्या सोडून ७२ तासांत त्याला होय किंवा नाही सांगावं लागतं. आपण शहराचे, काउंटीचे, राज्याचे आहोत हे लोकांना ठाऊक असतं. आपण कुठल्या टाउनशिपमध्ये राहतो हे विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतात.

गेल्या वर्षी एक तरुण आला होता. गोदामात काम करताना पाठ धरली, पाच आठवडे पगार नाही, आणि दारावर दहा दिवसांची नोटीस. आमच्याकडे भाडं थकलं की मालक दहा दिवसांची मुदत देऊन कोर्टात जाऊ शकतो. तो आला तेव्हा त्यातले सहा दिवस संपले होते. त्याला वाटत होतं नोटीस म्हणजेच हकालपट्टी. सामान गाडीत भरायला सुरुवातही केली होती. मी त्याला हात जोडून म्हटलं, सामान परत वर नेऊन ठेव. न्यायाधीशाने सांगेपर्यंत घर तुझं आहे. आणि तारीख पडली तर काहीही करून कोर्टात हजर राहा. जे जात नाहीत त्यांच्याविरुद्ध न ऐकताच निकाल लागतो, आणि तो निकाल मग पुढच्या घरमालकांना दिसू शकतो. त्याच दुपारी आम्ही नकाशावर त्याची टाउनशिप शोधली, अर्ज भरला, बँकेचे कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, मालकाचं नाव-गाव जोडलं. तिसऱ्या दिवशी होकार आला. पैसे थेट मालकाला गेले, एका महिन्याचे. उरलेल्याचे हप्ते मालकाने कबूल केले, लेखी. एक महिना म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. त्या एका महिन्यात त्याची पाठ बरी झाली.

महामारीच्या काळात हीच गोष्ट देशभर झाली होती. डिसेंबर २०२० मध्ये २५ अब्ज डॉलर आणि मार्च २०२१ मध्ये आणखी २१.५५ अब्ज, भाडं आणि वीज-पाण्याची बिलं भागवण्यासाठी. त्या दोन वर्षांत लायब्ररीच्या टेबलाला दोन खुर्च्या जास्त लावाव्या लागल्या. मी लोकांना ‘थांबा’ऐवजी ‘भरा’ म्हणत होते. पैसे असले की काम होतं, एवढं त्या काळाने मला डोळ्यांनी दाखवलं. मग निधी संपला, खुर्च्या पुन्हा भिंतीशी गेल्या. माणसं तेवढीच येत राहिली.

व्हाउचर हाती आलं की सुटलो, असंही नाही. घर शोधायला सुरुवातीला किमान साठ दिवस देतात. मुदत वाढवून मागता येते, मात्र ती संपण्याआधी मागावी लागते. आमच्या राज्यात घरमालकाने व्हाउचर घेतलंच पाहिजे असा कायदा नाही. काही राज्यांत आहे. इथे मालक फोनवरच विचारतो, सेक्शन ८ का? आणि ठेवून देतो. एका बाईने माझ्यासमोर बसून त्रेसष्ट फोन केले होते. मी तिच्या वहीतले खोडलेले नंबर मोजले. शिवाय घर तपासणीत उतरावं लागतं: खिडक्या लागतात का, हीटर चालतो का, १९७८ च्या आधीचं घर असेल आणि लहान मूल असेल तर रंगाचे पोपडे निघालेत का, कारण जुन्या रंगात शिसं असतं. तपासणी हवीच, पण ती होईस्तोवर मालक दुसऱ्याला घर देऊन मोकळा होतो. मी एक गोष्ट आवर्जून सांगते: कर-सवलतीतून बांधलेल्या संकुलांना, म्हणजे वर लिहिलेल्या त्या तिसऱ्या दाराला, केवळ व्हाउचर आहे म्हणून माणूस नाकारता येत नाही. त्रेसष्ट फोन करणाऱ्या बाईला हे त्रेसष्टाव्या फोननंतर समजलं, आणि तेही माझ्या ध्यानात उशिरा आलं म्हणून. ते मला अजून टोचतं.

जाता जाता सांगते, यादीत नाव घालायला हाउसिंग ऑथॉरिटी पैसे घेत नाही. इंटरनेटवर कुणी तीस डॉलर घेऊन सेक्शन ८ ची नोंदणी करून देतो म्हणाला, तर तो तुमचे तीस डॉलर आणि तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर घेऊन जाणार.

काकूंबद्दल लिहायचं म्हणून मी खरं तर हा लेख सुरू केला.

२०१७ च्या पावसाळी एप्रिलमध्ये त्या मला मंडळाच्या कार्यक्रमात भेटल्या. वय ७१. पतीच्या पाठोपाठ इकडे आल्या, इथल्या शाळेच्या कॅफेटेरियात बारा वर्षं भांडी-वाढप केलं, नागरिक झाल्या, पती गेले, आणि मुलाकडे राहत होत्या. मुलाची नोकरी दुसऱ्या राज्यात चालली होती. तिकडे घर लहान, सून कामावर, आणि काकूंचे डॉक्टर, मैत्रिणी, देवळाकडे जाणारी बस, सगळं इथे. काकूंनी मला कोपऱ्यात गाठून हळूच विचारलं, ‘अगं, तू त्या लायब्ररीत लोकांची कागदपत्रं करतेस ना? एकट्या बाईला परवडेल असं काही असतं का गं?’

मी म्हटलं, ‘असतं काकू. तुमच्यासाठी तर खास असतं.’ सेक्शन २०२ ची घरं १९५९ पासून आहेत, ज्येष्ठांसाठी. आता ६२ किंवा त्याहून जास्त वयाच्या कमी मिळकतीच्या माणसांना मिळतात. बहुतेक ती चर्च किंवा इतर सेवाभावी संस्था चालवतात. आमच्या शहरात आणि आसपास अशा तीन इमारती होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. ‘नको गं. लोक काय म्हणतील? मुलाने आईला सरकारी घरात टाकलं. त्याला खाली बघावं लागेल.’

यावर वाद घालून उपयोग नव्हता. मी त्यांना गाडीत घालून त्यातली एक इमारत दाखवायला नेलं. खालच्या दालनात चार आज्या पत्ते खेळत होत्या. एकीने काकूंना हाताने बोलावलं. काकू बसल्या. खेळ त्यांना येत नव्हता, त्या नुसत्या बघत राहिल्या. परतताना म्हणाल्या, ‘न्हाणीघरात धरायला दांडी आहे बघ. मुलाकडे दोन वर्षं म्हणतोय, लावतो लावतो.’

मग आम्ही एका आठवड्यात तिन्ही ठिकाणी अर्ज केले. एकाच ठिकाणी करून वाट बघणं ही सगळ्यांत महाग चूक आहे. कितीही याद्यांत नाव घातलं तरी चालतं. कागदपत्रांत जन्मदाखला नव्हता, नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राने काम झालं. खरा पेच साताऱ्याच्या बँकेत होता. काकूंची तिथे पाच लाखांची ठेव होती.

‘ते कशाला सांगायचं यांना? ते माझ्या क्रियाकर्माचे आहेत.’

‘काकू, सांगावं लागतं. जगात कुठेही असले तरी.’

‘मग घर देणार नाहीत.’

‘देतील. ठेव काढून घेत नाहीत. व्याज मिळकतीत धरतात, इतकंच.’

मी कागदावर हिशेब मांडला. वर्षाचं व्याज पस्तीस हजार रुपये, त्या वेळच्या दराने साधारण ५४० डॉलर, त्याचे तीस टक्के, भागिले बारा. महिन्याला तेरा-चौदा डॉलरने भाडं वाढणार. काकूंनी बोटांवर पुन्हा मोजलं. म्हणाल्या, ‘एवढंच ना? मग लिही. खोट्याच्या घरात मला झोप नाही लागायची.’

पत्त्याच्या रकान्यापाशी त्या अडल्या. मुलाचं घर विकायला लागलं होतं. नवा पत्ता अजून ठरला नव्हता. मी पेन घेतलं आणि माझा लिहिला.

त्यानंतर एकोणीस महिने. मुलगा गेला, काकू त्याच्याबरोबर गेल्या, दर पंधरा दिवसांनी फोन करायच्या आणि शेवटी विचारायच्या, ‘काही पत्ता?’ त्या काळात माझ्याकडे त्यांची तीन पत्रं आली. दोन ‘अजून थांबायचं आहे का’ म्हणून. मी फोनवर वाचून दाखवायची, कागद त्यांच्याकडे पाठवायची, त्या सही करून परत पाठवायच्या. तिसरं पत्र २०१८ च्या नोव्हेंबरात आलं. पाचव्या मजल्यावरचं घर रिकामं झालं आहे, दहा दिवसांत कळवा. त्या दिवशी काकूंचा फोन लागेना. मुलाचा लागला, त्याने सांगितलं आई दवाखान्यात आहे, न्यूमोनिया. मी इमारतीच्या ऑफिसात गेले, पत्र टेबलावर ठेवलं आणि मुदत वाढवून मागितली. अपंगत्वामुळे उत्तर द्यायला उशीर झाला तर तशी सवड मागण्याचा हक्क असतो, आजारपणातही ती मागून पाहावी. डॉक्टरांचं पत्र जोडून मागायची. मॅनेजर बाई म्हणाल्या, पत्र शुक्रवारपर्यंत आणा. मुलाने गुरुवारी पाठवलं. मला त्या मुलाबद्दल मंडळात जे बोललं जायचं ते मी त्यानंतर कुणाचं ऐकून घेतलं नाही.

जानेवारीत काकू आल्या. भाडं २९० च्या आसपास बसलं. एक खोली, एक स्वयंपाकघर, न्हाणीघरात दांडी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खाली मेलबॉक्सच्या भिंतीपाशी नेलं. शंभरभर छोट्या दारांत त्यांचं एक. त्यावर त्यांच्या आडनावाची पट्टी होती. किल्ली लावून त्यांनी ते उघडलं, आत काही नव्हतं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, ‘आता तुझ्या पेटीतलं माझं नाव काढ. दुसऱ्या कुणाला जागा होईल.’

मध्यंतरी त्यांनीच एका तरुण बाईला स्वतःचा पत्ता देऊ केला होता. मला ते थांबवावं लागलं. भाड्याच्या मदतीच्या घरात दुसऱ्याच्या नावाचं टपाल येऊ लागलं की कुणीतरी न सांगता राहतंय असा समज होतो, आणि काकूंच्याच घरावर यायचं. त्या हिरमुसल्या. आता मंगळवारी त्या लायब्ररीत माझ्या शेजारी बसतात. इंग्रजी जेमतेम, पण फॉर्मवरचा पत्त्याचा रकाना त्यांना ओळखता येतो. कुणी तो रिकामा सोडला की त्या बोट ठेवतात.

काल आलेलं पाकीट त्या पाठ धरलेल्या तरुणाचं आहे. सेक्शन ८ ची यादी उघडली होती तेव्हा त्याचंही नाव घातलं होतं. उत्तराची तारीख येत्या शुक्रवारची. त्याचा फोन दोन दिवस बंद येतोय, आणि मंगळवार होऊन गेला आहे. काकूंना फोन करून विचारलं, तो आता कुठे कामाला आहे म्हणाला होता आठवतं का? त्या म्हणाल्या, ‘टायरचं दुकान. मोठ्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे. थांब, मी पण येते. अंधारात तुला एकटीला सापडायचं नाही.’